ब्रेकमधली हवा

ब्रेकची हवा काढणं हे दोन माणसांचं काम आहे. एकानं गाडीत बसायचं, दुसऱ्यानं गाडीखाली शिरायचं. दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नाही आणि तरी एकानं सांगितलेलं दुसऱ्यानं तत्काळ ऐकावं लागतं. ज्या घरात पोळीला तूप किती लावावं यावरून वाद होतात, त्या घरानं या कामाच्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. आमच्या घरात असे वाद रोज व्हायचे. तरीही एका उन्हाळ्यात मी आणि माझ्या वडिलांनी, म्हणजे नानांनी, आमच्या जुन्या फियाटच्या ब्रेकची हवा पुन्हा पुन्हा काढली.

हे सगळं आठवायचं कारण गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबणारा टँकर. यंदा पुन्हा मे महिन्यात नळ रुसलाय. आठवड्यानं एकदा येतो, तोही पाहुण्यासारखा घाईत. मग टँकर बोलवावा लागतो. तो कोपऱ्यावर थांबला की त्याच्या ब्रेकमधून फुस्स करून हवा सुटते आणि मी हातातलं काम टाकून क्षणभर उभी राहते. त्या अवजड गाडीचा ब्रेक हवेवरच चालतो. आमच्या फियाटचा ब्रेक तेलावर चालायचा, त्याला मात्र हवेचा एक बुडबुडाही खपत नसे. टँकरवाला खालून ओरडतो, "मावशी, झाकण उघडा ना टाकीचं!" आणि मी जिना उतरते.

तो उन्हाळाही असाच होता, फक्त गाव वेगळं होतं. म्हणजे गाव हेच, पण त्याची अंगकाठी लहान होती. आमचं सिडकोतलं रो हाऊस तेव्हा जवळजवळ कडेला होतं आणि गच्चीवरून पलीकडची नांगरलेली रानं दिसायची. बघता बघता त्या रानांत खुंट्या ठोकल्या गेल्या, चुन्याच्या रेघा पडल्या, कमानी उभ्या राहिल्या. प्यायला पाणी नाही आणि स्लॅबवर मात्र पाणी मारलं जातंय, हे दृश्य रोजचं होतं. नाना गच्चीत उभे राहून ते बघायचे आणि आत येऊन आईला सांगायचे, "आज अजून एक मजला चढला बघ." त्यांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात कारकून म्हणून गेली होती. धरणाच्या पाण्याच्या फायली त्यांनी आयुष्यभर लिहिल्या आणि निवृत्त झाल्यावर स्वतः बादली घेऊन नळाखाली बसले. याचं त्यांना वाईट कमी आणि हसू जास्त यायचं.

नाना मूळचे पाचोडकडचे, आई वेरूळची. पाचोडच्या विहिरीनं त्या वर्षी फेब्रुवारीतच हात वर केले होते. वेरूळला मामाच्या विहिरीत मात्र पाणी होतं. मग दर रविवारी आमची वरात निघायची. आठवड्याचे कपडे गाठोड्यात, डिकीत आणि मागच्या सीटखाली रिकामे कॅन, पुढं नाना आणि मी, मागं कपड्यांच्या टेकडीला टेकून आई. तिथं सगळ्यांच्या आंघोळी, धुणी, मामीच्या हातचं पिठलं, आणि ऊन कलायच्या आत भरलेले कॅन घेऊन परत. जाताना फियाट हलकी असायची. येताना ती खाली बसायची, आणि नेमका येताना खुलताबादहून दौलताबादकडं उतरणारा घाट असायचा. घाटाच्या पायथ्याशी किल्ल्याची जुनी वेस आहे. तिच्यातून एका वेळी एकच गाडी जाते. समोरून कुणी आलं तर थांबावं लागतं, आणि थांबायचं म्हणजे ब्रेक लागायला हवा.

म्हणून हंगामाच्या सुरुवातीलाच नानांनी ब्रेक हातात घेतले. मागच्या डाव्या चाकातून तेल पाझरत होतं. मेकॅनिककडं गाडी नेणं त्यांना कमीपणाचं वाटे. शहागंजातल्या एका म्हाताऱ्या मेकॅनिकनं त्यांना एकदा सगळं शिकवलं होतं आणि शिकवताना बजावलं होतं, "साब, जल्दी नक्को करो. हवा कू निकलने का टाइम देव." नाना ते वाक्य अगदी त्याच्याच लकबीत म्हणायचे. चाकातली रबरं बदलली की नळीत हवा शिरते आणि ती काढावीच लागते. मी सीटवर बसायचे. नाना चाकाशी गोणपाट टाकून आडवे व्हायचे. चाकामागच्या लहान पोकळ बोल्टला सलाईनची नळी लावायची, तिचं दुसरं टोक खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत, बाटलीच्या तळाशी थोडं तेल.

"मार!" खालून आवाज यायचा. मी पेडल तीन-चारदा मारायचे.

"धर!" मी पाय दाबून धरायचे. नाना पान्यानं बोल्ट ढिला करायचे, माझा पाय खाली जायचा, बाटलीत बुडबुडे यायचे.

"सोडू नको हां... आता सोड!"

बोल्ट आवळायच्या आधी पाय सोडला तर निघालेली हवा परत आत. मी एकदाही आधी सोडला नाही. गणिताची शिक्षिका होते मी. लग्न व्हायचं होतं, पगार नियमित होता आणि आपण चुकत नाही याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. वर्गातल्या मुलींनाही नव्हती.

सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करून जवळच्या चाकाशी यायचं, मधे मधे पुढच्या टाकीत नवं तेल ओतत राहायचं. शेवटी बाटलीत नुसतं तेल येतं, पिवळं, स्वच्छ, मधासारखं. त्या पहिल्या दिवशी काम झाल्यावर नाना हात पुसत म्हणाले, "ते बाटलीतलं तेल फेकून दे, शोभे."

मी बाटली उन्हात धरून बघितली. इतकं सुंदर तेल. फेकून दे?

आता त्या घराची अवस्था सांगायला हवी. तांदूळ धुतलेलं पाणी भाजीला, भाजी धुतलेलं कुंडीला, आंघोळीचं पाणी परातीत साठवून संडासाला. आई तर चूळ भरायची तीसुद्धा जास्वंदीच्या बुडाशी. आमच्या घरात काहीही ओतायचं झालं तरी हात आपोआप थांबायचा. माझाही थांबला. पिण्याचं पाणी गाळायचं फडकं मोरीच्या दांडीवर वाळत होतं. मी त्यातून ते तेल गाळलं आणि डब्यात, नव्या तेलाच्या डब्यात, परत ओतलं. वर झाकण लावलं. फडकं धुवायला पाणी कुठलं, म्हणून ते रॉकेलच्या बोळ्यानं पुसून वेगळं ठेवलं आणि पाण्यासाठी दुसरं फाडलं. कुणाला सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं काही वाटलंच नाही. बायकांच्या काटकसरीची बातमी होत नसते.

पुढच्या रविवारी नानांनी दुसऱ्या बाजूची रबरं बदलली, पुन्हा हवा काढली, आणि त्याच डब्यातलं तेल वापरलं. मी ते पुन्हा गाळून डब्यात ठेवलं. फडकं वेरूळला धुतलेलं होतं. ते ओलं होतं, हे आज मला माहीत आहे.

त्याच्या पुढच्या रविवारी घाट उतरताना नाना म्हणाले, "पाय आत चाललाय गं. हवा हाय अजून."

घरी येऊन मी पेडल दाबून बघितलं. दगडासारखं घट्ट. "नाना, अजिबात हवा नाही यात."

"हाय. घाटात मऊ पडतं."

"मग इथं का नाही पडत?"

नानांनी पाना आणि गोणपाट काढलं. त्यांचं म्हणणं बदललं नाही. आम्ही पुन्हा हवा काढली. मी सीटवर, ते खाली. बाटलीत बुडबुडा नावालाही नव्हता. मी खिडकीतून डोकं काढून बघितलं आणि तसं सांगितलं. नाना खालून म्हणाले, "परत मार."

आणि मग तो रविवार आला. वेशीपाशी समोरून ट्रॅक्टर आला, नानांनी ब्रेक दाबला, गाडी थांबायची तिथं थांबली नाही. कडेच्या दगडाला लागली. जोरात नाही, मडगार्ड चेपलं एवढंच. आईच्या मांडीवरचं डब्यातलं पिठलं सांडलं. ट्रॅक्टरवाला खाली उतरून म्हणाला, "काका, वय झालं आता, पोरीला द्या गाडी." नाना चेपलेलं मडगार्ड चाचपत होते. एरवी ते त्याला सुनावल्याशिवाय राहिले नसते.

घरी आल्याबरोबर मी पेडल तपासलं. घट्ट. मी पुण्याला दादाला फोन लावला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "शोभा, ब्रेक ठीक आहे म्हणजे पाय ठीक नाही. सत्तरी आलीय त्यांची. किल्ली काढून घे." मला ते पटलं. दोन शक्यता होत्या, एक मी तपासून बाद केली होती, म्हणजे दुसरी खरी. इतकं सरळ. मी खुंटीवरची किल्ली काढली आणि माझ्या पर्समध्ये टाकली. नाना समोर पेपर वाचत बसले होते. त्यांनी बघितलं. पान उलटलं नाही, मागितलीही नाही. थोड्या वेळानं फक्त एवढंच म्हणाले, "हवा हाय तिच्यात."

"नाना, पुरे आता," मी म्हणाले. तो स्वर मी वर्गात वापरायचे.

माणसाची गाडी काढून घेणं म्हणजे काय, हे मला आता कळतं. मीही साठी ओलांडली. परवा माझा मुलगा सहज म्हणाला, "आई, संध्याकाळी नको चालवत जाऊस, गर्दी किती वाढलीय." त्याचं बरोबरच होतं. जालना रोडवर पूल झाले, पुलांवरही गर्दी झाली, हर्सूलपर्यंत शहर सलग झालं. माझ्या गाडीचं बॉनेट उघडलं तर नुसती झाकणं दिसतात आणि ब्रेकचं तेल कुठं असतं हे मलाही पुस्तक बघून शोधावं लागतं. तरी मी किल्ली मुठीत घट्ट धरली. मी त्याला म्हणाले, आधी ब्रेक तपास, मग आईचे डोळे. त्याला अर्थ कळला नाही. सांगीन कधीतरी.

त्या उन्हाळ्यातले पुढचे दोन रविवार गाडी मी चालवली. नाना डावीकडं बसायचे, हात मांडीवर ठेवून, शाळेत नव्यानं आलेल्या मुलासारखे. पहिल्या रविवारी मामाकडं पाहुणे होते, त्यांना पाणी द्यायला लागलं म्हणून आम्ही दोनच कॅन घेऊन आलो. गाडी हलकी होती, ब्रेक छान लागला. वेशीशी मी ऐटीत थांबले आणि नानांकडं बघितलं. बघायला नको होतं. ते खिडकीबाहेर किल्ल्याकडं बघत होते.

दुसऱ्या रविवारी मात्र सगळे कॅन भरले होते. उन्हानं डांबर मऊ झालं होतं. घाटात पुढं वाळूचा ट्रक होता, त्याच्यामागं मी सारखी ब्रेकवर पाय ठेवून उतरत होते. तिसऱ्या वळणाला जळकट वास आला. पेडल दाबलं आणि माझा पाय खाली गेला. सरळ, लोण्यात बोट जावं तसा, तळाला टेकला. गाडी तशीच चाललेली.

"नाना!"

"घाबरू नको," नाना म्हणाले. त्यांचा आवाज बाटली धरलेली असताना असायचा तसाच होता. "पेडल मार. मारत राहा. गिअर खाली टाक, दुसरा. आता पहिला. लागंल, आवाज करंल, करू दे." त्यांनी स्वतः हँडब्रेक धरला आणि एकेक दात मोजून वर घेतला. "डोंगराच्या अंगाला घे. अजून. चाक मातीत जाऊ दे."

चाक मातीत गेलं. गाडी खरडत खरडत एका झुडपाला टेकून थांबली. मागून आईनं विचारलं, "काय झालं गं, पाणी सांडलं का?"

मी इंजिन बंद केलं. नाना खाली उतरले, मागच्या दोन्ही चाकांना दगड लावले आणि बॉनेट उघडून उभे राहिले. जवळच चहाची टपरी होती, तिथल्या बाकावर आम्ही बसलो. अर्ध्या-पाऊण तासानं नाना मला म्हणाले, "जा, आता दाबून बघ."

मी दाबलं. दगडासारखं घट्ट.

मी तशीच बसून राहिले. पायाखाली ते घट्ट पेडल आणि डोक्यात गणित. गरम असताना मऊ, गार झाल्यावर घट्ट. हवा असती तर घरीही मऊ लागलं असतं. म्हणजे हवा नाही. नळीत असं काहीतरी आहे जे तापल्यावर वाफ होऊन हवेसारखं दबतं आणि निवल्यावर परत पातळ होतं. तेलाच्या आधी उकळणारं. आमच्या घरात जे कुठंच नव्हतं ते, पाणी. आणि पाणी तिथं गेलं कसं, हे शोधायला मला मोरीच्या दांडीपलीकडं जायची गरज पडली नाही. दोनच शक्यता आहेत असं मी धरलं होतं. तिसरी मी स्वतः होते.

मी बाकाकडं गेले. आई नानांशी काहीतरी बोलत होती, मला बघून माझ्याकडं वळली. "आता तरी सांगू का हिला?" तिनं नानांना विचारलं आणि उत्तराची वाट न बघता सांगून टाकलं. "किल्ली नेलीस तू त्या दिवसापासून रोज सकाळी पलंगाच्या कठड्याला उजवा पाय लावून दाबत बसतात. शंभर-शंभर वेळा. म्हणतात, जोर गेला वाटतं माझा. तुला सांगू नको म्हणाले."

"कशाला बोलायलीस?" नाना तिच्यावर खेकसले आणि चहाच्या ग्लासात बघू लागले.

दोन आठवडे तो माणूस स्वतःच्या पायावर संशय घेत होता. ज्या पायानं मला पाचोडच्या बाजाराला सायकलवर डबलसीट नेलं होतं, त्या पायावर. आणि मी पर्समध्ये किल्ली घालून गणित शिकवायला जात होते. मला रडू आलं. मी ते लपवलं नाही.

"नाना, मी ते तेल फेकलं नाही," मी म्हणाले. "दर वेळी गाळून डब्यात टाकलं. पाण्याच्या फडक्यानं. ओल्या. आपण तेच परत भरत होतो. आत पाणी गेलंय, ते घाटात तापून उकळतं. तुम्ही म्हणत होता ते बरोबर होतं. पेडल मऊच पडत होतं."

नानांनी ग्लास खाली ठेवला. मला वाटलं आता ओरडतील, आणि ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. पण त्यांनी उजवा पाय पुढं घेतला, धोतराबाहेर आलेल्या आपल्या पोटरीकडं बघितलं आणि हसायला लागले. आधी हळू, मग टपरीवाला वळून बघेल इतकं.

"म्हंजे पाय शाबूत हाय माझा!"

"अहो, आत्ता मेलो असतो आपण," आई म्हणाली.

"मेलो नाय ना? पाय शाबूत हाय!"

घाटात ब्रेक गेलेली गाडी उभी होती, आणि माझा बाप त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा असा मोकळा हसत होता. मग एकदम गंभीर होऊन म्हणाला, "प्यायला घोटभर नाय आन् ब्रेकात पाणी. व्वा गं मास्तरीण." आणि पुन्हा हसू.

भरलेले कॅन आम्ही उतरवले आणि टपरीवाल्याला दिले. तो दोन्ही हात जोडून उभा राहिला, त्याला वाटलं आम्ही पुण्य करायला निघालोय. आईनं कॅनांकडं शेवटचं बघून घेतलं. गाडी रिकामी झाली, चाकं गार झाली. मी पर्समधून किल्ली काढून नानांच्या हातात दिली. ती देताना काही बोलावं असं मनात होतं, पण सगळी वाक्यं वर्गातलीच सुचत होती. मी बॉनेटला वळसा घालून डावीकडं जाऊन बसले.

नानांनी पहिल्या गिअरमध्ये, हँडब्रेकवर हात ठेवून, घाट उतरवला. ब्रेकला त्यांनी पाय जवळजवळ लावलाच नाही, इंजिन कण्हत होतं तेवढंच. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत पुढं गेल्या. एका मोटारसायकलवाल्यानं मागं वळून काहीतरी म्हटलं. नानांनी त्याला मान हलवून जाऊ दिलं.

वेशीपाशी आलो तर समोरून एसटी आत शिरत होती. नानांनी पेडलवर पाय ठेवला, एकदा, हलकेच. गाडी कडेला थांबली. वेशीच्या भिंतीत आणि आमच्यात चांगलं हातभर अंतर राहिलं. एसटीच्या ड्रायव्हरनं हात वर केला, नानांनीही केला. सगळी एसटी निघून जाईपर्यंत ते समोर बघत राहिले. मग माझ्याकडं न वळता त्यांनी विचारलं,

"थांबली ना?"

"थांबली, नाना," मी म्हणाले.